फास्ट आयनांच्या वेव्हज टर्ब्युलन्स दाबतात की भडकवतात? तपासायचं कसं

टोकामाकमध्ये, म्हणजे गरम प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रात धरून ठेवणाऱ्या कड्याच्या आकाराच्या फ्युजन मशीनमध्ये, फास्ट आयन वाढले की वेव्हज उठतात, आणि पूर्वी वेव्ह दिसली की सगळे एकच म्हणायचे, गेलं कन्फाइनमेंट, म्हणजे उष्णता आत धरून ठेवणं. आता गेल्या काही वर्षांतले रिझल्ट आल्यापासून उलटी घाई सुरू झालीये, स्पेक्ट्रोग्रामवर (वेळेनुसार फ्रिक्वेन्सी दाखवणारा आलेख) रेघ दिसली आणि त्याच वेळी आयन टेंपरेचर वर गेलं की "वेव्हने टर्ब्युलन्स दाबला" म्हणून मोकळे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली असंही असू शकतं ना. फास्ट आयन वेव्हशिवायही टर्ब्युलन्सला तीन-चार वाटांनी हात लावतात, त्या आधी एकेक करून बाजूला काढल्या नाहीत तर वेव्हच्या नावावर काय जमा करायचं ते कळतच नाही. ज्यांना जायरोकायनेटिक कोड (टर्ब्युलन्सचं सिम्युलेशन करणारा प्रोग्रॅम) चालवायचाय किंवा शॉटचा, म्हणजे मशीनच्या एका प्रयोगाचा, डेटा घेऊन बसायचंय त्यांच्यासाठी हे काम कसं करायचं ते लिहितोय.

थोडी उजळणी, पटकन. फास्ट आयन म्हणजे प्लाझ्माच्या मुख्य आयनांपेक्षा कितीतरी जास्त एनर्जीचे आयन, ते न्यूट्रल बीममधून येतात, रेडिओ लहरींच्या आयसीआरएच हीटिंगने तयार होतात, किंवा ड्युटेरियम-ट्रिटियम फ्युजनमधून ३.५ एमईव्हीचे (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट) अल्फा, म्हणजे हीलियमची केंद्रकं, म्हणून जन्माला येतात. टर्ब्युलन्स म्हटलं की इथे मुख्यतः आयटीजी, म्हणजे आयन टेंपरेचरचा उतार एका मर्यादेपेक्षा तीव्र झाला की उठणारे छोटे भोवरे, जे आतली उष्णता बाहेर ओढून नेतात. आणि तिसरं पात्र झोनल फ्लो. हा प्रवाह फक्त त्रिज्येच्या दिशेने बदलतो, स्वतः काहीही उष्णता बाहेर नेत नाही, पण शेजारशेजारच्या थरांचा वेग वेगळा असल्यामुळे भोवरे फाडून टाकतो. या सगळ्या प्रकरणात वेव्हचा टर्ब्युलन्सवर होणारा परिणाम बहुतेक वेळा झोनल फ्लोच्या मार्फतच होतो हे डोक्यात ठेवून पुढे चला.

कोडला हात लावायच्या आधी कागदावर आकडे काढा. खरंच काढा, अर्ध्या तासाचं काम आहे आणि पुढे आठवडे वाचतात. जेट या ब्रिटनमधल्या टोकामाकएवढ्या मशीनसाठी गोल आकडे धरतो: चुंबकीय क्षेत्र ३ टेस्ला, मोठी त्रिज्या (अख्ख्या कड्याची) ३ मीटर, छोटी त्रिज्या (नळीची) १ मीटर, ड्युटेरियम प्लाझ्मा, घनमीटरला ५ गुणिले १० चा १९ वा घात एवढी डेन्सिटी, टेंपरेचर ५ केईव्ही (हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट). यात आल्फव्हेन वेग, म्हणजे चुंबकीय रेषांवरून लहर धावते तो वेग, येतो साधारण सेकंदाला ६५०० किलोमीटर. टीएईची, म्हणजे फास्ट आयन सर्रास उठवतात त्या आल्फव्हेन वेव्हची, अँग्युलर फ्रिक्वेन्सी म्हणजे हा वेग भागिले (दोन गुणिले सेफ्टी फॅक्टर क्यू गुणिले मोठी त्रिज्या), क्यू म्हणजे चुंबकीय रेषा नळीभोवती एक वेढा घेईपर्यंत कड्याभोवती किती फेऱ्या मारते तो आकडा, तो १.५ धरला तर दोन पायने भागून हर्ट्झमध्ये ११६ किलोहर्ट्झच्या आसपास. आता आयनांचे वेग बघा. १०० केईव्हीचा ड्युटेरियम बीम सेकंदाला ३१०० किलोमीटरने जातो, म्हणजे आल्फव्हेन वेगाच्या निम्म्याने, पण टीएईशी रेझोनन्स (ताल जुळणं) आल्फव्हेन वेगाच्या एक तृतीयांशावरही होतो त्यामुळे बीमलाही वेव्ह उठवता येते. १ एमईव्हीचा ड्युटेरॉन ९८०० किलोमीटरने आणि अल्फा जन्मतः १३००० किलोमीटरने, हे दोघं तर आल्फव्हेन वेगाच्या पुढेच असतात आणि गती कमी होताना रेझोनन्समधून जातातच.

मग लांबीचे आकडे. मुख्य आयनांची जायरो-त्रिज्या (चुंबकीय रेषेभोवती फिरताना होणाऱ्या वर्तुळाची) इथे साडेतीन मिलिमीटर, त्यामुळे आयटीजी भोवऱ्याची तरंगलांबी साधारण ७ सेंटिमीटर. आणि १ एमईव्ही ड्युटेरॉनची जायरो-त्रिज्याच पावणेसात सेंटिमीटर! एका फेरीत तो अख्खा भोवरा ओलांडून येतो, त्याला भोवऱ्याचा धक्का सरासरीत जवळजवळ शून्य लागतो. म्हणून टर्ब्युलन्स एमईव्ही आयनांना फारसा हलवत नाही, पण मोठ्या आकाराची वेव्ह मात्र हलवते. ही गोष्ट या विषयातली अर्धी गंमत आहे, आणि अर्धी डोकेदुखीपण.

आता वेव्ह ओळखा. मिरनॉव्ह कॉइल्सचा (चुंबकीय चढउतार टिपणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या) सिग्नल घ्या, सॅम्पलिंग कमीत कमी १ मेगाहर्ट्झचं हवं नाहीतर ५०० किलोहर्ट्झच्या वरचं खाली दुमडून भलत्याच ठिकाणी दिसेल आणि तुम्ही नसलेल्या मोडच्या मागे लागाल. स्पेक्ट्रोग्राम काढा आणि आकार बघा. फ्रिक्वेन्सी जवळपास स्थिर आणि डेन्सिटी वाढली की तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात खाली येणारी, तर टीएई. क्यूची किमान किंमत हळूहळू उतरतेय आणि रेघा एकामागून एक वर चढतायत, तर आरएसएई (क्यू किमान असतो तिथे बसणारी आल्फव्हेन वेव्ह), ज्याला आल्फव्हेन कॅस्केड पण म्हणतात. काही दहा किलोहर्ट्झवरून झपकन खाली येणारे फटकारे असतील तर फिशबोन, १९८० च्या दशकात पीडीएक्स या टोकामाकवर दिसले तेव्हा सिग्नल माशाच्या काट्यासारखा दिसला म्हणून नाव पडलं. टोरॉइडल मोड नंबर (कड्याभोवतीच्या एका फेरीत वेव्हच्या किती लाटा बसतात तो आकडा) शून्य असेल आणि फ्रिक्वेन्सी ध्वनिवेगाच्या हिशोबात बसत असेल तर ईगॅम (फास्ट आयनांनी उठवलेलं, ध्वनीसारखं दोलन). मोड नंबर वेगवेगळ्या कोनांवरच्या कॉइल्समधल्या फेजच्या फरकावरून काढतात. एक गोष्ट विसरू नका, प्लाझ्मा फिरत असतो, सेकंदाला १०००० फेऱ्या आणि मोड नंबर ५ असला तर ५० किलोहर्ट्झ नुसते डॉप्लरचे, ते वजा केल्याशिवाय तुमची फ्रिक्वेन्सी थिअरीशी जुळणारच नाही.

कुठली वेव्ह आहे यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, कारण सगळ्या वेव्हज टर्ब्युलन्सशी सारख्या वागत नाहीत. ईगॅमचंच घ्या, तो स्वतः झोनल फ्लोचा दोलायमान भाऊ, त्यामुळे सुरुवातीला वाटलं होतं की हा उठवला की टर्ब्युलन्स आपोआप दबेल, पण २०१३ मध्ये आलेल्या गिसेला कोडच्या सिम्युलेशनमध्ये ईगॅम आणि टर्ब्युलन्स एकमेकांशी असे जुळले की ट्रान्सपोर्ट उलट वाढला. दोलायमान शिअर (शिअर म्हणजे शेजारच्या थरांच्या वेगातला फरक) आणि स्थिर शिअर यात फरक आहे. स्थिर शिअर भोवरा फाडतो, दोलायमान शिअर काही वेळा त्याला उचलून भलतीकडे नेऊन ठेवतो.

आता मुख्य काम, वजाबाकी. जीन, सीजायरो, जीटीसी, ओआरबी५, जो कोड तुमच्याकडे असेल तो, पण रन्सची ही रांग लावा. पहिला रन फास्ट आयन अजिबात नसलेला. दुसऱ्यात फास्ट आयनांनी मुख्य आयनांची जागा घेतलीये एवढंच दाखवायचं, म्हणजे चार्जचा हिशोब नीट ठेवून मुख्य आयनांची डेन्सिटी आणि तिचा उतार बदलायचा, फास्ट आयनांना स्वतःची हालचाल द्यायची नाही. याला डायल्यूशन म्हणतात आणि याचा परिणाम लोक हमखास कमी धरतात, आयटीजी मुख्य आयनांवर जगतो, तेच कमी झाले तर तो आपसूक लंगडा पडतो. तिसऱ्या रनमध्ये फास्ट आयन पूर्ण कायनेटिक, पण बीटा (प्लाझ्माचा दाब भागिले चुंबकीय दाब) जवळजवळ शून्य, म्हणजे चुंबकीय फ्लक्च्युएशन बंद. यात फक्त इलेक्ट्रोस्टॅटिक रेझोनन्स दिसतो: फास्ट आयनांचा चुंबकीय ड्रिफ्ट (रेषेला सोडून आडवं सरकणं) आयटीजीच्या फ्रिक्वेन्सीशी जुळला तर ते आयटीजीकडून ऊर्जा काढून घेतात. हा परिणाम मध्यम एनर्जीच्या आयनांना लागू पडतो, म्हणजे थर्मल टेंपरेचरच्या काही पट, आणि त्यांच्या टेंपरेचरचा उतार डेन्सिटीच्या उतारापेक्षा तीव्र हवा, म्हणून आयसीआरएचच्या आयनांनी हा फायदा सहज मिळतो आणि बीमच्या आयनांनी, ज्यांचा डेन्सिटी उतारच मोठा असतो, बेताचा. एमईव्हीच्या आयनांचा ड्रिफ्ट इतका जोरात असतो की तो आयटीजीशी जुळतच नाही, त्यामुळे तिथे हा परिणाम दिसला तर इनपुट फाइल परत उघडून बघा.

चौथा रन बीटा खरा ठेवून पण फास्ट आयनांशिवाय. आपल्या आकड्यांत इलेक्ट्रॉन बीटा १.१ टक्क्यांच्या आसपास येतो, तो इलेक्ट्रॉन आणि आयनच्या वस्तुमानाच्या गुणोत्तराच्या कितीतरी पट आहे, त्यामुळे इलेक्ट्रोस्टॅटिक रनवर समाधान मानण्यात अर्थ नाही. याच टप्प्यावर फास्ट आयनांच्या प्रेशरने जो शाफ्रानॉव्ह शिफ्ट (दाबामुळे चुंबकीय पृष्ठभागांचं बाहेर सरकणं) वाढतो तो भूमितीत घालून एक आणि न घालता एक असे दोन रन घ्या, कारण भूमिती बदलूनही आयटीजी कमी होतो आणि त्यात वेव्हचा काडीचा संबंध नसतो. मग पाचवा, सगळं एकत्र. या पाचव्यात आणि आधीच्यांच्या बेरजेत जो फरक उरतो तिथे वेव्ह शोधायची. आणि उरलंच नाही तर तसं सरळ लिहायचं, त्यात लाजण्यासारखं काय. केस्टार या कोरियन टोकामाकचा फायर मोड, २०२२ मध्ये नेचरमध्ये आलेला, १० कोटी केल्विनच्या वरचं आयन टेंपरेचर २० सेकंदांपर्यंत, त्यात फास्ट आयनांचा मोठा वाटा आहे आणि त्याच्या चर्चेत डायल्यूशन महत्त्वाचं ठरलं, म्हणजे रिझल्ट मोठा असायला वेव्हच लागते असं काही नाही.

लिनियर रनमध्ये काय बघायचं: प्रत्येक तरंगसंख्येला वाढीचा दर आणि फ्रिक्वेन्सी. आयटीजी तरंगसंख्या गुणिले जायरो-त्रिज्या ०.३ च्या आसपास असतो. टीएई कुठे असेल? मोड नंबर ५, क्यू १.५, अर्धा मीटर त्रिज्येवर, तर हाच गुणाकार ०.०५ येतो. म्हणजे तुमच्या बॉक्सची (कोड प्लाझ्माचा जेवढा तुकडा घेतो त्याची) किमान तरंगसंख्या ०.१ असेल तर टीएई त्या बॉक्समध्ये मावतच नाही, रन गुळगुळीत चालेल, हीट फ्लक्स (बाहेर जाणारी उष्णता) छान सपाट येईल, आणि तुम्ही निष्कर्ष काढाल की वेव्हचा काही परिणाम नाही. तपासायला सोपं आहे, फ्रिक्वेन्सी ध्वनिवेग भागिले छोटी त्रिज्या या एककात काढा, आपल्या आकड्यांत टीएई साधारण दीडवर येतो आणि आयटीजी त्याच्या खूप खाली, दोन्ही एका आलेखात वेगवेगळे उठून दिसायला हवेत.

मग फास्ट आयनांचा प्रेशर उतार पायरीपायरीने वाढवा आणि टीएई कुठे अस्थिर होतो ती सीमा शोधा. सगळी मजा या सीमेच्या अलीकडे-पलीकडे आहे. लिनियर हिशोबात वेव्ह किंचित स्थिर असते, पण टर्ब्युलन्स आला की नॉनलिनियर जोडणीतून तिला ऊर्जा मिळते, ती टर्ब्युलन्सच्या पोटातली ऊर्जा काढून घेते आणि झोनल फ्लोकडे वळवते, हीट फ्लक्स धाडकन खाली येतो. सीमेच्या बरंच पुढे गेलात की वेव्ह स्वतःच दांडगी होते, फास्ट आयनांना बाहेर फेकते, चुंबकीय रेषा हलवून इलेक्ट्रॉनची उष्णता बाहेर काढते, आणि फ्लक्स-ट्यूब रनमध्ये (चुंबकीय रेषेलगतची फक्त एक अरुंद नळी घेणारा) तर फ्लक्स थांबायचं नाव न घेता वर जात राहतो. तो रन फुटला म्हणून टाइमस्टेप कमी करत बसू नका. बहुतेक वेळा सांगितलेला उतारच अवास्तव असतो, खऱ्या प्लाझ्मात वेव्हने तो केव्हाच सपाट केला असता. डीआयआय-डी या अमेरिकन टोकामाकवर बीमची पॉवर वाढवत नेली तेव्हा हेच दिसलं होतं, एका मर्यादेनंतर फास्ट आयनांचा प्रोफाइल पुढे वाढायला तयार होत नाही.

नॉनलिनियर रनला धीर लागतो. आयटीजी एकटा असला तर छोटी त्रिज्या भागिले ध्वनिवेग या एककाच्या शंभरेक पटीत, म्हणजे इथे २०० मायक्रोसेकंदांच्या आसपास, स्थिरावतो, आणि तिथे रन थांबवायची सवय लागलेली असते. वेव्ह असेल तर थांबू नका. आधी नेहमीची पातळी येते, मग बराच वेळ काहीच होत नाहीये असं वाटतं, कमी तरंगसंख्येच्या मोडची ॲम्प्लिट्यूड सावकाश चढत असते, त्यामागोमाग झोनल पोटेन्शियल चढतं, आणि मग हीट फ्लक्स उतरतो. हा क्रम, आधी वेव्ह, मग झोनल फ्लो, मग फ्लक्सची उतरण, टाइम ट्रेसवर दिसला तर तुमच्या म्हणण्याला जोर आहे. फ्लक्स आधी उतरला आणि वेव्ह नंतर वाढली तर गोष्ट वेगळी, तिथे टर्ब्युलन्स कमी झाल्याने वेव्हला मोकळं रान मिळालं असेल. झोनल फ्लोचा शिअर रेट काढून आयटीजीच्या वाढीच्या दराशी ताडून बघा, आणि शक्य असेल तर रन मध्येच थांबवून झोनल घटक जबरदस्तीने शून्य करून पुन्हा सुरू करा, फ्लक्स परत वर उसळला तर दाबणारा कोण ते कळलं.

फक्त आयनांचा हीट फ्लक्स बघून उठू नका हो. इलेक्ट्रॉनचा फ्लक्स इलेक्ट्रोस्टॅटिक आणि चुंबकीय अशा दोन भागांत वेगळा काढा. आयनांचा निम्मा झाला आणि इलेक्ट्रॉनचा चुंबकीय भाग तिप्पट झाला तर तुम्ही काय मिळवलं? एनएसटीएक्स या अमेरिकन टोकामाकवर २००९ मध्ये नेमकं हे समोर आलं, बीमने उठवलेल्या जास्त फ्रिक्वेन्सीच्या आल्फव्हेन वेव्हज जितक्या जोरात तितका मधल्या भागातला इलेक्ट्रॉन ट्रान्सपोर्ट जास्त. आणि फास्ट आयनांचा स्वतःचा फ्लक्स, तो तर सगळ्यात आधी छापायला हवा.

फ्लक्स-ट्यूबच्या मर्यादाही ओळखून असा. आपल्या १ एमईव्ही ड्युटेरॉनची ट्रॅप्ड (चुंबकीय क्षेत्रात पुढे-मागे अडकलेली) कक्षा त्रिज्येच्या दिशेने साधारण पाव मीटर रुंद आहे, मशीनच्या छोट्या त्रिज्येचा चौथा हिस्सा. अशा आयनाला "या त्रिज्येवरचा उतार" विचारणं म्हणजे गंमतच आहे. फ्लक्स-ट्यूबमध्ये कार्यकारणाची दिशा समजते, आकडा सांगायचा असेल तर ग्लोबल रन करावाच लागतो. डिस्ट्रिब्यूशनचंही (कुठल्या वेगाचे किती आयन) तसंच, बीम आणि अल्फाला समतोलातल्या मॅक्सवेलियनऐवजी टकरींनी मंदावणाऱ्या आयनांचा स्लोइंग-डाउन आकार, आयसीआरएचला दिशेनुसार वेगळं टेंपरेचर, निदान एक रन खऱ्या आकाराने करून बघा, सीमा किती सरकते ते कळेल.

आता प्रयोगाकडे. इथे सगळ्यात चांगला दुवा हीटिंग कुणाला मिळतंय यातून मिळतो. ड्युटेरियममधल्या ड्युटेरॉनसाठी क्रिटिकल एनर्जी इलेक्ट्रॉन टेंपरेचरच्या १८-१९ पट, म्हणजे ५ केईव्हीला ९० केईव्हीच्या जरा वर. त्याच्या वरचे आयन आपली ऊर्जा मुख्यतः इलेक्ट्रॉनला देतात. म्हणजे एमईव्ही आयनांनी गरम केलेल्या प्लाझ्मात इलेक्ट्रॉन तापायला हवेत आणि आयन मागे राहायला हवेत. जेटवर तीन आयनांची आयसीआरएच पद्धत वापरून बीमच्या ड्युटेरॉनना एमईव्हीपर्यंत नेलं, टीएई जोरात होते, हीटिंग इलेक्ट्रॉनला जास्त मिळत होतं, आणि तरी आयन टेंपरेचर इलेक्ट्रॉनच्या बरोबरीला आलं. २०२२ मध्ये नेचर फिजिक्समध्ये आलेलं ते काम म्हणूनच पटतं, आयनांना कमी ऊर्जा मिळूनही ते गरम राहिले म्हणजे त्यांची गळती थांबली, आणि सिम्युलेशनमध्ये झोनल फ्लो दिसला. तुमच्या शॉटमध्ये बीम १०० केईव्हीचा असेल तर हा युक्तिवाद चालणार नाही, कारण तिथे आयनांना थेट हीटिंगच भरपूर मिळतं.

शॉटची जोडी हवी: एकूण पॉवर तीच, एकात वेव्ह, एकात नाही. वेव्ह बंद करायला डेन्सिटी वाढवता येते, आयसीआरएचमध्ये अल्पसंख्य आयनांचं प्रमाण बदलता येतं, बीमचा व्होल्टेज किंवा कोन बदलता येतो. यातलं काहीही केलं तरी आणखी काहीतरी बदलतंच, म्हणून किमान दोन वेगळ्या मार्गांनी वेव्ह बंद करून बघा. टर्ब्युलन्स थेट बघायला रिफ्लेक्टोमीटर किंवा बीम एमिशन, आयन टेंपरेचरला चार्ज एक्सचेंज.

आणि एक सापळा ज्यात चांगले चांगले अडकतात तो पॉवर बॅलन्सचा. हीट डिफ्युसिव्हिटी (उष्णता किती सहज झिरपते तो आकडा) काढताना हीटिंगचा प्रोफाइल ट्रान्सपसारख्या कोडमधून येतो, आणि तो कोड डिफॉल्टमध्ये धरून चालतो की फास्ट आयन टकरींनीच मंदावतात, वेव्ह त्यांना हलवत नाही. वेव्हने आयन बाहेर ढकलले असतील तर मध्यभागी खरं हीटिंग कमी आहे, तुम्ही मात्र जास्त धरलंय, म्हणजे डिफ्युसिव्हिटी फुगून येते आणि वेव्हवर नसलेला आळ येतो. म्हणून मोजलेला न्यूट्रॉन रेट कोडच्या अंदाजाशी ताडून बघा, बीमवाल्या प्लाझ्मात तो कमी पडत असेल तर आधी फास्ट आयनांचा प्रोफाइल दुरुस्त करा, लॉस डिटेक्टर असेल तर तोही बघा, मग डिफ्युसिव्हिटी परत काढा.

शेवटचा रन, जो लोक टाळतात कारण कॉम्प्युटरचा वेळ संपत आलेला असतो: मुख्य आयनांच्या टेंपरेचरचा उतार २० टक्के वर आणि २० टक्के खाली करून सगळी रांग परत चालवा. आयटीजी सीमेजवळ इतका ताठर असतो की उताराच्या मोजमापातली साधी चूकसुद्धा हीट फ्लक्स दुप्पट किंवा निम्मा करू शकते. वेव्हचा परिणाम या पट्ट्याच्या बाहेर दिसत असेल तरच तो आलेखावर वेगळ्या रंगात दाखवा, आत असेल तर फ्रिक्वेन्सी, क्रम आणि झोनल फ्लो शून्य करून घेतलेला रन यांच्या आधारावर बोला, टक्केवारी छापू नका.